डाव्या पायाची अब्रू

काळाचौकीत गाडी चालवता येणं आणि गाडी असणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध कधीच नव्हता. बेस्टचे ड्रायव्हर इथे राहिले, टॅक्सीवाले राहिले, कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाच्या गाठी पोचवणारे ट्रकवाले राहिले. दिवसभर दुसऱ्याची गाडी हाकायची आणि रात्री पायी घरी यायचं. स्वतःची घेतली तरी लावणार कुठे? अभ्युदय नगरात दोन इमारतींच्या मधे जी जागा आहे, ती आधी स्कूटरींची, मग मंडळाच्या मंडपाची आणि त्यातून उरलीच तर क्रिकेटची. तेव्हा आमच्या भाच्याकडे सध्या एक पोर्शे, दोन फेरारी आणि १९६७ सालची एक लोटस आहे हे ऐकून दचकू नका. सगळ्या घरातच असतात.

भाचा रेसिंग सिम्युलेटर चालवतो. 'खेळतो' म्हटलेलं त्याला खपत नाही. खेळतात ती लहान पोरं, मोबाइलवर, अंगठ्यानं. त्याच्याकडे नऊशे अंश, म्हणजे पुरते अडीच वेढे फिरणारं स्टिअरिंग आहे, खाली तीन पायडलं आहेत आणि बाजूला गिअरचा दांडा आहे, जो वेगळे पैसे मोजून आणावा लागतो. हा संसार पेलेल असं एकच टेबल घरात निघालं, ते म्हणजे आजीचं शिलाई मशीन. मशीनचं डोकं आत मुडपून वरच्या फळीला क्लॅम्प आवळले. खालचं लोखंडी पायडल सुतळीनं करकचून बांधलं आणि त्यावर नव्या पायडलांची पेटी ठेवली. आजी सगळं शांतपणे बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "अरे, मशीनला पायडल आहेच की. दुसरं कशाला आणलंस?"

ब्रेकचं प्रकरण सोपं नव्हतं. या पायडलांतला ब्रेक मुद्दाम कडक ठेवलेला असतो, जीव खाऊन दाबावा लागतो. खऱ्या गाडीत ब्रेक मारला की माणूस पुढे जातो. इथे गाडी थांबायची आणि भाचा चाकाच्या खुर्चीसकट स्वयंपाकघरात पोचायचा. दोनशे चौरस फुटांच्या घरात स्वयंपाकघर लांब नसतं, हे एक बरं. शेवटी खुर्चीची पाठ लोखंडी कपाटाला टेकवली. आता प्रत्येक ब्रेकला कपाट वाजतं. इटलीतलं मॉन्झाचं सर्किट चालू असलं की एक मोठी धाड, मग थोड्या थोड्या वेळानं काही बारक्या, की पुन्हा मोठी. भिंतीपलीकडच्या वहिनींना मॉन्झाचा नकाशा तोंडपाठ झाला आहे. परवा जिन्यात मला विचारत होत्या, "भाऊजी, काल शेवटच्या वळणाला तो ब्रेक मारायला विसरला का हो?"

आता मुद्द्याचं. या सिम्युलेटरांत नवशिक्यासाठी 'असिस्ट' नावाची सोय असते, आणि ती भलतीच दिलदार असते. रस्त्यावर एक रंगीत रेघ उमटते. हिरवी असेल तिथे दाबा, पिवळी दिसली की सांभाळा, लाल झाली की ब्रेक. ब्रेकही तुम्हाला मारायचा नसेल तर तो आपोआप लागतो. चाकं जाम होऊ नयेत म्हणून एबीएस असतं, जागच्या जागी फिरू नयेत म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल, गाडी आडवी होऊ नये म्हणून स्टॅबिलिटी कंट्रोल. गिअर आपोआप, क्लच आपोआप. २००८ साली 'रेस ड्रायव्हर : ग्रिड' आला त्यात तर चक्क काळ मागे नेण्याची सोय होती. गाडी भिंतीवर घातली की दहाएक सेकंद मागे जायचं आणि जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं वळण पुन्हा घ्यायचं. ही एक सोय गणपतीच्या दिवसांत लालबागच्या नाक्यावर गाडी घालणाऱ्याला मिळाली, तर तो हवे तेवढे पैसे मोजेल.

सगळे असिस्ट चालू केले की तुम्ही फक्त स्टिअरिंग धरून बसायचं. त्यातही मदत करणारी बटणं आहेत.

पण या सोयी वापरणं आणि त्या वापरतो हे चारचौघांत कबूल करणं, यात फार अंतर आहे. भाच्याच्या टोळक्यात यावरून रीतसर उतरंड ठरलेली आहे. रेघ लावून चालवणारा सर्वांत खाली. त्याच्याशी बोलतात, पण वडापावचे पैसे त्याला द्यायला लावतात. त्याच्या वर ऑटोमॅटिक गिअरवाला. त्याच्या वर स्टिअरिंगमागच्या दोन पाकळ्यांनी, म्हणजे पॅडलनं गिअर बदलणारा. आणि या सगळ्यांच्या माथ्यावर दांडा, क्लच आणि तिन्ही पायडलं वापरणारा, ज्याला दोनच पाय असूनही तीन पायडलं एकाच वेळी दाबता येतात. ही थाप नव्हे. वळणाआधी उजव्या पायाच्या चवड्यानं ब्रेक धरायचा, त्याच पायाच्या कडेनं किंवा टाचेनं ॲक्सिलरेटरला एक ठोसा द्यायचा, तेवढ्यात डाव्या पायानं क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. इंजिनाचे फेरे चाकांच्या वेगाशी जुळले की झटका बसत नाही. ही विद्या भाच्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीत कमावली. त्या काळात तो जेवायला बसला तरी त्याचा उजवा पाय पाटाखाली तिरका हलत असे.

तर अशा या माथ्यावर बसलेल्या भाच्यानं एके दिवशी जाहीर केलं, "मामा, मी एबीएस आणि ट्रॅक्शन दोन्ही बंद केलंय. आता खरं ड्रायव्हिंग." गाडी होती जीटी३ वर्गातली पोर्शे. गंमत अशी, की जीटी३ वर्गाच्या खऱ्याखुऱ्या शर्यतीच्या गाड्यांत एबीएसही असतं आणि ट्रॅक्शन कंट्रोलही असतं. दोन्ही कमी-जास्त करायला डॅशबोर्डावर किंवा स्टिअरिंगवर बटणं असतात, आणि पगारी व्यावसायिक ड्रायव्हर शर्यत चालू असताना ती फिरवत बसलेला असतो. दांडाही नसतो त्या गाड्यांत, पॅडलच असतात. म्हणजे ज्याचं पोट त्या गाडीवर चालतं तो हे दोन्ही असिस्ट चालू ठेवून जिंकतो, आणि आमचे चिरंजीव जगात कुठे नसलेली गाडी तयार करून, तिला नसलेला दांडा लावून, सतराव्या नंबरानं येतात. मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुम्हाला प्युअर फील कळणार नाही." नाही कळत. मला सतरावा नंबर कळतो.

हा वाद काही शिलाई मशीनवर जन्मलेला नाही. तो फॉर्म्युला वनच्या खानदानातला आहे. १९८९ साली जॉन बर्नार्डनं बेतलेली फेरारी ६४० पहिल्यांदा पॅडल घेऊन शर्यतीत उतरली. सरावात तिची गिअरपेटी इतक्या वेळा बंद पडली होती, की ब्राझीलच्या शर्यतीला निघताना नायजेल मॅन्सेलनं परतीचं विमान लवकरचं धरून ठेवलं होतं, असं तो स्वतःच सांगतो. आणि नेमकी तीच शर्यत तो जिंकला. मग काय, काही वर्षांत सगळ्यांचे दांडे गेले. १९९३ च्या विल्यम्समध्ये तर एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, रस्त्याप्रमाणे आपली उंची सांभाळणारं सस्पेन्शन, सगळं होतं. आलाँ प्रोस्ट त्या गाडीत विश्वविजेता झाला आणि लोक विचारू लागले की बक्षीस नक्की कुणाला द्यायचं. १९९४ ला ही मंडळी नियमानं बाहेर काढली. २००१ ला ट्रॅक्शन कंट्रोल परत आत घेतलं, कारण कोण चोरून वापरतंय हे पकडता येईना. २००८ ला सगळ्यांना एकच सरकारमान्य कॉम्प्युटर वाटून ते पुन्हा बाहेर. पॅडलना मात्र कुणी हात लावला नाही, कारण तोवर ती सर्वांच्या सवयीची झाली होती. सवय झालेल्या असिस्टला असिस्ट म्हणत नाहीत, हा नियम माझ्या मते तिथेच पक्का झाला.

आमच्या इमारतीत या विषयातला अधिकारी पुरुष म्हणजे तात्या. तात्या मूळचे कणकवलीकडचे. गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली ती गेलीच, मग तात्यांनी टॅक्सी धरली. प्रीमियर पद्मिनी, पण आयुष्यभर तिला फियाटच म्हणाले. दांडा स्टिअरिंगच्या दांडीवर, पुढची सीट सलग, थंडीत चोक ओढल्याशिवाय न उठणारी. पॉवर स्टिअरिंग तर नव्हतंच, उभ्या गाडीचं चाक वळवताना खांद्यातून आवाज यायचा. तात्या निवृत्त झाल्यावरही त्यांच्या पद्मिनीची भावंडं रस्त्यावर होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला वयोमर्यादेच्या नियमानं उतरली, तेव्हा तात्यांनी त्या दिवशीचा पेपर इस्त्रीवाल्याकडूनही परत मागून आणला.

तर तात्या एका संध्याकाळी भाच्याचा कारखाना बघायला आले. नेमका त्याचा एक खालच्या जातकुळीचा, म्हणजे ऑटोमॅटिकवाला मित्र बसला होता. तात्यांनी दोन फेऱ्या निमूट बघितल्या. मग म्हणाले, "गिअर मशीन टाकता, ब्रेक मशीन मारता, रस्तो रेघ दाखयता. मगे तू कित्याक बसलंस थंय?"

भाचा खूश झाला. त्याला वाटलं, आपला माणूस मिळाला. त्यानं तात्यांना एबीएस काय असतं ते समजावायला घेतलं. चाक जाम होऊ लागलं की यंत्र ब्रेक क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं, एका सेकंदात कितीतरी वेळा. म्हणून गाडी घसरत नाही आणि चाक वळवता येतं. "मी ते बंद ठेवतो," तो छाती फुगवून म्हणाला. तात्या त्याच्याकडे बघत राहिले. पावसाळ्यात भिजलेल्या डांबरावर पद्मिनी थांबवायची तर ब्रेक एकदम दाबून चालतच नसे. दाब, सोड, दाब, सोड, असं पंपिंग करायचं. पाय तेच काम करायचा, फक्त सेकंदाला दोनदा. "मेल्या, आमी जल्मभर पायान ता केलंव," तात्या म्हणाले, "आणि तुका फुकट गावला ता तू बंद करून ठेवलंस?"

इथे भाच्याची बाजू थोडी लंगडी पडली, पण तात्या तरी कुठले धुतल्या तांदळाचे? करी रोडच्या पुलावर चढावर ट्रॅफिक अडला की हँडब्रेक न लावता नुसत्या हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं हा त्यांचा जगाला तोलून बघण्याचा काटा. ज्याची गाडी तसूभर मागे सरकली तो ड्रायव्हर नव्हे. आता नव्या गाड्यांत चढावर गाडी आपोआप धरून ठेवणारी सोय आली, त्याचा तात्यांना मनस्वी राग. मात्र गाडीला सेल्फ-स्टार्टर असतो, पुढे हँडल मारून ती चालू करावी लागत नाही, याबद्दल त्यांची तक्रार नाही. तो असिस्ट त्यांच्या आधी आला होता, म्हणून सुटला. त्यांच्याही आधीचे ट्रामचे ड्रायव्हर आठवा. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर अशी मुंबईतली शेवटची ट्राम धावली. त्या बाबांना स्टिअरिंगच नव्हतं! रुळ नेतील तिकडे जायचं, हातानं हँडल फिरवायचं, पायानं घंटा बडवायची. एवढा मोठा असिस्ट जगात दुसरा झाला नाही, पण ट्रामच्या ड्रायव्हरला कुणी 'रेघेवर चालवतो' म्हणून हिणवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

ट्रकवाल्यांकडे तर असिस्ट हाफपँट घालून यायचा. कॉटन ग्रीनच्या एखाद्या बोळात दहाटनी ट्रक मागे घ्यायचा असला की किन्नर, म्हणजे क्लीनर, खाली उडी मारायचा आणि पत्र्यावर तळहाताची थाप देत ओरडायचा, "आन दे, आन दे, आन दे, काट मार, अजून, अजून... बस बस बस!" आज गाडी मागे घेताना जो टुं-टुं-टुं आवाज येतो, तो याच माणसाचा वारस. फरक एवढाच की त्या आवाजाला चहा पाजावा लागत नाही आणि धडक बसल्यावर शिव्याही घालता येत नाहीत.

पण खरा असिस्ट भाच्याला भेटला तो मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये. सिम्युलेटरवर लोटस ४९ चालवणाऱ्या, नुर्बुर्गरिंगची सगळी वळणं नावानिशी ओळखणाऱ्या या माणसाकडे लायसन्स नव्हतं. शेवटी बहिणीनं, म्हणजे त्याच्या आईनं, फी भरली. छोटी हॅचबॅक, टपावर स्कूलचा बोर्ड, पुढेमागे लाल 'एल'. पहिल्या दिवशी गाडी झटके खात तीनदा बंद पडली. कारण सिम्युलेटरच्या क्लचमध्ये नुसती स्प्रिंग असते. क्लच जिथे धरतो ती जागा तळपायाला कळते, बुडाला कळते, आख्ख्या गाडीला जो बारीक कंप सुटतो त्यातून कळते. त्यातलं काहीच शिलाई मशीनवर होत नाही. मात्र चौथ्या दिवसापासून प्रगती डोळे दिपवणारी. आंबेकर मार्गावरून, हातगाड्या, शाळेच्या बसा, फोनवर बोलत रस्ता ओलांडणारी जनता, या सगळ्यांतून गाडी एकदाही न अडखळता लालबागला पोचली. घरी आल्यावर त्याचं प्रवचन झालं: मॅन्युअलची सवय असल्याचा हा फायदा, ऑटोमॅटिकवाल्यांना हे जन्मात जमणार नाही.

दोन दिवसांनी त्याची नजर सहज शेजारी खाली गेली. गुरुजींच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होते, आणि गुरुजी खिडकीबाहेर बघत, बहुधा गुटख्याचा विचार करत, दोन्ही पायांनी गाडी चालवत होते. यात फसवणूक काही नाही. शिकवणीच्या गाडीला अशी दुहेरी व्यवस्था असलीच पाहिजे असं १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियमच सांगतात. ऑटो-क्लच, ऑटो-ब्रेक, वर रेघेच्या जागी तोंडी सूचना: "लेफ्ट घ्या, लेफ्ट, अहो डावं म्हणजे ते!" सगळे असिस्ट चालू, आणि तेसुद्धा सरकारी आदेशानं. भाचा त्या रात्री सिम्युलेटरवर बसला नाही. कपाट वाजलं नाही म्हणून पलीकडच्या वहिनी चौकशी करून गेल्या.

तात्यांना ही हकिगत मीच सांगितली, त्यात मी थोडं मीठमसालाही घातला असेन. ते हसले नाहीत. म्हणाले, "बघूया तरी," आणि रविवारी दुपारी जेवून, बनियनवर शर्ट चढवून, मशीनसमोर येऊन बसले. गाडी कुठली देऊ, तर फियाट. यादीत फियाट ५०० ची अबार्थ निघाली. दांडा स्टिअरिंगच्या दांडीवर नाही आणि पडद्यावरचं स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे, हे बघून तात्या नाराज झाले, पण इटलीवाल्यांचं चुकलं असेल म्हणून सोडून दिलं. रस्ता कुठला, तर लांबचा. भाच्यानं जर्मनीतलं नुर्बुर्गरिंग लावलं, १९२७ साली सुरू झालेलं, आता २०.८ किलोमीटरचं एक वेटोळं. असिस्ट सगळे बंद. तात्यांचा पहिला प्रश्न: "हॉर्न खंय आसा?" भाच्यानं एक बटण दाखवलं. तात्यांनी ते वाजवून खात्री केली आणि पहिला गिअर टाकला. झटका नाही, अडखळणं नाही, गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली.

पुढे जे झालं त्याला रेसिंग म्हणता येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. तात्या तीसच्या वेगानं, डाव्या कडेनं, प्रत्येक वळणाला हॉर्न देत चालले होते. तिथे वाहतूक उजव्या बाजूनं चालते, असं भाचा म्हणाला; ती जर्मनांची अडचण आहे, असा तात्यांचा चेहरा होता. उतार लागला की न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवत. उजवीकडे वळायचं असलं की उजवा हात खिडकीबाहेर, म्हणजे कपाटावरच्या आरशाच्या दिशेनं, सरळ करत. कारुसेल नावाच्या प्रसिद्ध वळणाशी भाचा ओरडला, "तात्या, आत घाला, आतल्या काँक्रीटवर घाला, तिथून फास्ट जाते!" तात्यांनी गाडी बाहेरूनच काढली. "गाडी गटारात कित्याक घालू?" भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मीही गप्प राहिलो, कारण ते मुळात गटारच होतं. पाणी वाहून जायची ती चारी. रुडॉल्फ काराचिओला या ड्रायव्हरनं तिच्यात चाकं घालून वेळ वाचवला, मग बाकीचे त्याच्या मागून गटारात उतरले, आणि पुढे त्यावर रीतसर काँक्रीट पडलं.

भाचा जो फेरा आठ मिनिटांच्या आत मारतो, त्याला तात्यांना चाळीस मिनिटं लागली. कपाट एकदाही वाजलं नाही. एकही गिअर खरखरला नाही. भाचा वही घेऊन बसला होता, त्यानं मीटरही लावला: १ फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दरानं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे, म्हणजे साधारण चारशे तीस. वेटिंग वेगळं. तात्यांनी समोर आलेली शर्यत संपल्याची रेघ, तिच्या वरची कमान आणि दोन्ही बाजूंचे रिकामे कठडे नीट न्याहाळले. गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढायला हात गेला तो शिलाई मशीनच्या खणाला लागला.

"हय खंयसून निघालंव तंयच इलंव," ते म्हणाले. "मगे पॅसेंजराक सोडलंव खंय?"